आधी बुटं मोज
कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर आमच्या तालमीची फुटबॉल मॅच असली की पेठेतली शटरं दुपारीच अर्ध्यावर यायची. मला खेळ काही जमला नाही, म्हणून अण्णांनी किटची बॅग हातात दिली. "आधी बुटं मोज, मग फुटबॉल बोल." पुढं केएसएकडची (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन) खेळाडूंची नोंदणी, कुणाला किती पिवळी कार्डं त्याची वही, वर्गणीचा हिशेबही गळ्यात पडला. आज एका व्यावसायिक क्लबचं ऑपरेशन्स बघतो. मुलाखतीत डिग्रीबद्दल दोन प्रश्न आले, त्या वहीबद्दल वीस मिनिटं बोलणं झालं.

2017 मध्ये अनिकेत जाधव 17 वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला आणि इथल्या खेळणाऱ्या पोरांना वाट दिसली. न खेळणाऱ्यांना मात्र ती अजून सापडत नाही. "दादा, क्लबचा सीईओ व्हायला कोणता कोर्स करू?" असं विचारतात. स्पोर्ट्स मॅनेजमेंट करा, एमबीए करा, हरकत नाही. पण माझं मत विचाराल तर सीए किंवा वकिली जास्त कामाची. वरच्या खोलीत फॉर्मेशनवर फारसं कुणी बोलत नाही. करार, पगाराचं बजेट, जर्सीवरचा प्रायोजक, स्टेडियमचं भाडं, हेच चालतं. एआयएफएफच्या (देशाचा फुटबॉल महासंघ) क्लब लायसन्सिंगमध्येही, म्हणजे क्लबला परवाना देतानाही, खेळाबरोबर मैदान, कर्मचारी, कायदेशीर कागद आणि आर्थिक हिशेब तपासतात. आयपीएलच्या 2025 च्या हंगामासाठी प्रत्येक संघाला 120 कोटींत अख्खी टीम बसवायची होती. एका गड्यासाठी कुठवर ताणायचं, हे तिथं लिलावात वर केलेल्या पॅडलनं नव्हे, आदल्या रात्रीच्या एक्सेलनं ठरतं.

माझी सगळ्यात महागात पडलेली चूक कागदाचीच. एका विंगरच्या जन्मदाखल्यावर 'दत्तात्रय', आधारवर 'दत्ता'. मी फाईल शेवटच्या दिवशी उघडली. दुरुस्ती होईपर्यंत नोंदणीची मुदत संपली आणि पोरगं जानेवारीपर्यंत गॅलरीत बसलं. त्याच्या आईचा फोन आला, "साहेब, आमचा बाळ्या टीव्हीवर का दिसंना?" उत्तर नव्हतं. तेव्हापासून कुठलाही खेळाडू घेताना मी त्याचे गोल नंतर बघतो.

पगाराचं स्वप्न बेतानं बघा. सुरुवातीचे दिवस बस, हॉटेलच्या खोल्या आणि बर्फ यातच जातात. शिवाय लीगच डळमळू शकते: 2025 च्या जुलैत लीग चालवायच्या हक्कांच्या कराराचा तिढा सुटेना म्हणून आयएसएलचा (इंडियन सुपर लीग) हंगाम लांबणीवर पडला आणि काही क्लबांनी पगार थांबवले. सहा महिन्यांचा खर्च बाजूला असल्याशिवाय पक्की नोकरी सोडून यात उडी घेऊ नका.

आणि हो, हंगाम सुरू व्हायच्या आधी तालमीच्या सेक्रेटरींना भेटा. नोंदणीची फाईल मागा. ते काम सहसा कुणालाच नको असतं, लगेच देतील.