एका बैठकीत बावीस वर्षं: भाचीला ॲव्हरिल कशी ऐकवावी

मे महिन्याच्या सुट्टीत सई माझ्याकडे राहायला आली आणि दुसऱ्याच दिवशी गंभीर चेहऱ्यानं म्हणाली, "मावशी, ॲव्हरिल लव्हीन कधीच मेलीये. आता गाते ती डुप्लिकेट आहे." मी कुकर लावत होते. वळून बघितलं तर फोनवर दोन फोटो, दोन्हीत नाकाभोवती लाल गोल काढलेले.

ॲव्हरिल म्हणजे कॅनडाची पॉप-पंक गायिका. ही अफवा जुनी आहे, स्वतः ॲव्हरिल तिच्यावर हसते. पण तेरा वर्षांच्या मुलीशी फोटोवरून वाद घालण्यात अर्थ नसतो, फोटो तिच्याकडे नेहमी एक जास्तच असतो. २१ जून २०२४ ला ॲव्हरिलचा 'ग्रेटेस्ट हिट्स' आला, वीस गाण्यांचा. म्हटलं, गळ्यालाच विचारू. घरात कुणी असं म्हणत असेल, किंवा नुसतं "तुमच्या वेळची ती टायवाली" म्हणून नाक मुरडत असेल, तर पुढचं तुमच्या कामाचं आहे.

आधी क्रम. हिट्सचा अल्बम म्हणजे लग्नातलं ताट, वरण, मठ्ठा, जिलबी सगळं एकदम समोर. गाडीत ऐकायला तो क्रम चालतो. गळ्याचा प्रवास ऐकायचा तर गाणी सालवार लावायला हवीत. फोनवर नवी यादी करा आणि गाणी तिच्यात एकेक करून टाका. गोची अशी, की या अल्बममधून गाणं उचललं की ॲप त्याच्यापुढे २०२४ दाखवतं. म्हणून प्रत्येक गाणं मुळात कुठल्या अल्बममधलं ते बघून खरं साल लिहून काढावं लागतं. आम्ही वही घेतली आणि रकाने आखले: साल, तिचं वय, माझं वय. सईनं हट्टानं चौथा रकाना स्वतःसाठी काढला.

२००२ चा 'लेट गो' आला तेव्हा ॲव्हरिल १७, मी १४. २००४ ला 'अंडर माय स्किन': ती १९, मी १६. २००७ ला 'द बेस्ट डॅम थिंग': ती २२, मी १९. मग २०११ चा 'गुडबाय ललबाय', २०१३ चा तिच्याच नावाचा (इथे सईच्या रकान्यात पहिल्यांदा आकडा आला, १), २०१९ चा 'हेड अबव्ह वॉटर' आणि २०२२ चा 'लव्ह सक्स'. हे लिहायला पाऊण तास गेला, आणि अर्धी जादू त्यातच झाली. "सतरा म्हणजे आपली तेजूताई!" सई ओरडली. तेजूताई माझ्या नणंदेची मुलगी, तिला अजून रिक्षा थांबवायची लाज वाटते.

आता आवाज. फोनच्या स्पीकरवर ही गाणी ऐकवणार असाल तर नकाच ऐकवू. पॉप-पंकमध्ये, म्हणजे गोड चालीच्या धडाकेबाज रॉकमध्ये, खर्जाची गिटार आणि ड्रमचा मोठा ढोल यांच्यावर डोलारा उभा असतो, आणि फोनमधून नेमकं तेच गळून जातं. राहतो तो चिरका आवाज आणि झांजा. माझ्याकडे पुण्यातल्या जुन्या बाजारातून आणलेले दोन लाकडी स्पीकर आहेत. तुम्हीही रविवारी किंवा बुधवारी तिकडे गेलात तर स्पीकरच्या पडद्याभोवतीची फोमची कड बोटानं हलकेच दाबून बघा. बोटाला काळी चिकट भुकटी लागली तर तो ठेवा खाली. आपल्या पावसाळ्यांनी असे कितीतरी फोम खाल्लेत. स्पीकर नसतील तर वायरचे साधे हेडफोनसुद्धा पुरतात.

ॲपच्या सेटिंगमध्ये सगळ्या गाण्यांचा आवाज सारखा ठेवायची सोय असते, ती चालू करा. एरवी मी ती बंद ठेवते. पण आज वेगवेगळ्या सालांची तुलना आहे, आणि जे मोठ्यानं वाजतं ते कानाला उगाच चांगलं वाटतं.

वेळेची चूक मी केली ती तुम्ही करू नका. रविवारी दुपारी दीड वाजता, पुण्यात, जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर मी 'स्केटर बॉय' लावलं. खालचे काका वर आले. बेल वाजवली नाही, दारावर बोटानं टकटक केलं, कारण बेलनं झोपमोड होते. "चालू द्या," म्हणाले, "मी फक्त वाजले किती ते सांगायला आलो." त्यानंतर आम्ही पाचची वेळ ठरवली, चहाबरोबर.

नियम एकच: पहिल्यांदा गाणं लागेल तेव्हा कुणी बोलायचं नाही. बोलायचं ते दुसऱ्या वेळी. वीसच्या वीस गाणी दोनदा ऐकायची गरज नाही. मी पाचच निवडली, बाकीची नुसती वाजू दिली.

सुरुवात 'कॉम्प्लिकेटेड'नं करा. तिचं पहिलं सिंगल हेच, २००२ चं. अमेरिकेच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं होतं. कडव्यात ती जवळजवळ बोलते आणि ध्रुवपदाला दार उघडल्यासारखा आवाज मोठा होतो. याला पंक म्हणायचं का, यावर लोक आजही भांडतात. मी भांडत नाही. गझल गायकी भावगीतात आली की तिचं काय होतं यावर माझे बाबा आणि त्यांचे मित्र तीस वर्षं भांडले, पुरे झालं. गिटार शिकणारं कुणी घरात असेल तर सांगून ठेवा: ध्रुवपद डी मायनर, बी फ्लॅट, एफ, सी एवढ्यावर भागतं. बी फ्लॅटला बोटं रडतात, तेवढं सोसायचं.

दुसरं 'स्केटर बॉय', आणि इथे पेटी काढा. खरंच काढा. आईची पेटी माझ्याकडे आहे, भाता थोडा फुसफुसतो, पण चालतं. गाणं पांढरी दोनमध्ये सुरू होतं. सईला सांगितलं, पांढरी दोन दाबून धर, सोडू नको. कडवं सुरू होतं, सूर गाण्याशी नीट बसतो. मग ध्रुवपद येतं आणि तोच सूर एकदम परका वाटायला लागतो. सईनं चमकून माझ्याकडे बघितलं, बोट मात्र उचललं नाही. "आता पांढरी चार," मी म्हटलं. तिनं बोट सरकवलं, आणि पुन्हा सगळं जागेवर! गाण्यानं मध्येच सा बदलला होता. ध्रुवपद अंगावर उडी मारल्यासारखं येतं ते यामुळे. गोष्टीचं गाणं आहे, मुलगी, मुलगा, नकार, पाच वर्षं, पस्तावा. शाहीर जसा दम न घेता गोष्ट पुढे रेटतो तशी तीही रेटते. या एका गाण्याला आम्ही अर्धा तास दिला, तुम्हीही द्या.

तिसरं 'आय ॲम विथ यू'. मांडीवर टाळी देत मात्रा मोजा. चारात मोजायला जाल तर फसाल. धा धिं ना, धा तिं ना असं म्हणून बघा, अलगद बसतं. नॅपनी नावाच्या ओंटॅरिओतल्या छोट्या गावातली मुलगी दादऱ्याच्या झोक्यात गातेय हे कळल्यावर सईला फार गंमत वाटली. तबल्याच्या क्लासला जाते, पण आवडीनं नाही.

याच गाण्यात गळ्याची खूण पकडा. लांब सूर धरताना तिचा आवाज मध्येच दुमडतो, छातीतून पटकन डोक्यात जातो आणि परत येतो. ही सवय पंकमधली नाही. लहानपणी ती कंट्री, म्हणजे तिकडचं गावाकडचं संगीत, गायची, १९९९ मध्ये रेडिओवरची स्पर्धा जिंकून ओटावात कंट्री गायिका शनाया ट्वेनबरोबर मंचावर गायली होती. गावाकडचं ते वळण गळ्यात राहिलं. वहीत या दुमडीला आम्ही 'घडी' नाव दिलं आणि पुढच्या प्रत्येक गाण्यापुढे घडी आहे की नाही याची खूण केली.

२००४ ची गाणी काळवंडलेली आहेत. 'माय हॅपी एंडिंग' ऐकवा आणि पुढे चला. तेरा वर्षांच्या पोरीला प्रेमभंग समजावून सांगण्यात मला रस नव्हता, तिला ऐकण्यात त्याहून कमी.

चौथं 'गर्लफ्रेंड', २००७. इथे मला थांबून कबुलीजबाब द्यावा लागला. २००२ साली मी तिच्यासारखा टाय लावायचे. आमची शाळा मराठी माध्यमाची, टायचा संबंधच नाही. मग मामेभावाचा इलॅस्टिकचा, तयार गाठीचा टाय पळवला, वर तुळशीबागेतल्या काळ्या बांगड्या घातल्या आणि लक्ष्मी रोडवरून अख्खी फिरून आले. आई एवढंच म्हणाली, "कुठल्या बँकेत लागलीस?" तर अशा माझ्यापुढे पाच वर्षांनी ॲव्हरिल गुलाबी बटा मिरवत, टाळ्यांच्या तालावर 'हे हे, यू यू' करत आली तेव्हा मला ती फितूर झाल्यासारखी वाटली. मी तिला सोडलं. नेमकं तेच तिचं अमेरिकेतलं पहिलं एक नंबरचं गाणं ठरलं, आणि ध्रुवपद तिनं स्पॅनिश, जपानी, मँडरिन अशा कितीतरी भाषांत गाऊन ठेवलं. मराठीत नाही, ते बरंच झालं.

सईला सगळ्यांत आवडलं ते हेच. सोफ्यावर उभी राहून नाचली. तुमच्याकडेही असं होईल, तेव्हा नाक मुरडू नका. मी मुरडलं, आणि तिनं वहीत माझ्या वयाच्या रकान्यात लिहिलं: १९, खडूस.

२०११ आणि २०१३ ची गाणी चहा ओतता ओतता होऊन जातात. 'व्हॉट द हेल' मजेदार आहे, शिट्टी मारावीशी वाटते, त्यापलीकडे माझं काही म्हणणं नाही.

पण 'हेड अबव्ह वॉटर' ऐकवायचं असेल तर आधी कप खाली ठेवा. २०१५ मध्ये तिनं जाहीर केलं की तिला लाइमचा आजार आहे. गोचिडीच्या चाव्यातून होतो तो. बराच काळ ती अंथरुणात होती आणि हे गाणं त्या आजारपणातलं. पियानोवर सुरू होतं. इथे ताल मोजू नका, पेटी नको, काही नको. फक्त श्वास ऐका: ओळ संपल्यावर ती तो कुठे घेते आणि कसा घेते. सतरा वर्षांच्या मुलीचा श्वास ऐकू येतो तो धावून आल्यासारखा. इथला वेगळा आहे. सई काही बोलली नाही. वहीत 'घडी' पुढे खूण केली, मोठी.

शेवटची परीक्षा जोडीची. 'स्केटर बॉय' संपल्या संपल्या लगेच 'बाइट मी' लावा. मध्ये जवळजवळ वीस वर्षं आहेत. 'बाइट मी'वर ड्रम ट्रॅव्हिस बार्करचे, तोच ब्लिंक-१८२ या पॉप-पंक बँडवाला, २००७ च्या अल्बममधल्या काही गाण्यांवरही तोच होता. हेडफोन असतील तर एकदा डावा कान काढा, एकदा उजवा. गिटार दोन्हीकडे वेगळी वाजवलेली ऐकू येईल, एकाच माणसानं दोनदा वाजवावी तशी, थोडीशी पुढेमागे. भिंत तयार होते ती या पुढेमागे असण्यामुळे. मग गिटार विसरा आणि नुसता आवाज ऐका. तारसप्तकाकडे लक्ष देऊ नका, ते स्टुडिओत काहीही करता येतं. ओळीची शेवटची अक्षरं ऐका: ती शब्द कसा वाकवते, कुठे सोडून देते. वही उघडा, खुणा मोजा.

सईनं मोजल्या. मग फोन उचलून लाल गोलांचा फोटो पुन्हा बघितला आणि म्हणाली, "नाक पण तिचंच असेल मग."

एवढं झाल्यावर एक काम राहतं. हिट्समध्ये नसलेलं, तुमचं स्वतःचं एक गाणं शेवटी लावा. माझ्याकडे 'लेट गो' होता तो मैत्रिणीच्या भावानं भरून दिलेल्या साठ मिनिटांच्या कॅसेटवर. 'एनिथिंग बट ऑर्डिनरी' हे आठवं गाणं पहिल्या बाजूच्या शेवटी यायचं आणि फीत संपली की तुटायचं. गाण्याचा शेवट मी पहिल्यांदा ऐकला तो कॉलेजला गेल्यावर, आणि मला तो खोटा वाटला होता.

हे सईला सांगून मी गाणं लावलं. ती पूर्ण वेळ फोन हातात धरून बसली होती. शेवटचे काही सेकंद राहिले असतील, तेवढ्यात तिनं बोट ठेवून ते थांबवलं.

"इथे?"

"थोडं आधी," मी म्हटलं. तिनं गाणं मागे घेतलं.