पहिल्या वर्षाचा निबंध: आधी विषय बारीक करा

‘मराठवाड्यातील दुष्काळ’ हा विषय ५०० शब्दांत मावत नाही. मग मुलं ‘प्राचीन काळापासून पाणी हेच जीवन’ असं पाणी घालून पान भरतात. त्यापेक्षा ‘१९७२ च्या दुष्काळात आमच्या गावात कोणती दुष्काळी कामं निघाली?’ असा एकच प्रश्न घ्या. गावातल्या दोन म्हाताऱ्या माणसांना विचारा, तेव्हाचा पाझर तलाव (पाणी जमिनीत मुरवणारा) असेल तर जाऊन बघा.

मग उत्तर एका वाक्यात लिहा. ते जमत नसेल तर निबंध सुरू करू नका. अजून माहिती कमी आहे. परिच्छेद चार-पाच, प्रत्येकात एकच मुद्दा. प्रस्तावना शेवटी लिहिली तरी चालते, उलट बरीच नेमकी होते.

भाषेचं म्हणाल तर ‘पाऊस पडायलाय’ हे आजीच्या तोंडी अवतरणात तसंच ठेवा, तिथं ते सुधारणं म्हणजे बिघडवणं. स्वतःच्या वाक्यात मात्र ‘पडत आहे’. बरेच गुण जातात ते अनुस्वारावर: ‘शेतकऱ्याला’ एक, ‘शेतकऱ्यांना’ अनेक.

एक रात्र मध्ये जाऊ द्या आणि मोठ्यानं वाचा. जिथं दम लागेल, तिथं वाक्य तोडा.