गोधडीचं कापड घेताना या चुका टाळा : आधी पन्हा, मग मीटर

भाचीला लग्नात गोधडी द्यायची म्हणून मी ठाण्यात जांभळी नाक्यावरून दोन रंगांचं सुती कापड आणलं, प्रत्येकी सव्वादोन मीटर. हिशोब घरून करून नेला होता. गोधडी ५४ बाय ९० इंचांची, चौकोन ५ इंचांचे. चारही बाजूंनी पाव-पाव इंच शिवणीत जातो, म्हणजे शिवल्यावर चौकोन साडेचार इंचांचा उरतो. आडवे १२, उभे २०, एकूण २४० चौकोन. म्हणजे एका रंगाचे १२०. ४४ इंच पन्ह्यात, म्हणजे कापडाच्या रुंदीत, एका ओळीत ८ चौकोन बसतात, तेव्हा १५ ओळी, ७५ इंच. दोन मीटरांत भागतंय, आटण्यासाठी वर पाव मीटर. सगळं चोख.

फक्त दुकानात पन्हा विचारायचा राहिला. कापड निघालं ३६ इंच पन्ह्याचं. काठ काढून, भिजवून झाल्यावर हातात ३४ इंच आले. त्यात ६ चौकोन बसतात आणि ४ इंचांची चिंधी उरते. २४० ऐवजी २०४ चौकोन झाले, पूर्ण तीन ओळी कमी. पुन्हा गेले तर तो तागा संपलेला.

म्हणून सांगते, दुकानात पहिला प्रश्न "दादा, पन्हा किती?" हाच हवा. भाव नंतर. साधं पॉपलिन बरेचदा ३६ पन्ह्यात येतं, कॅम्ब्रिक आणि छापील सुती ४४ च्या आसपास, काही कापडं ५८ मध्ये. सांगितलेला आकडा काठासकट असतो. ४४ म्हटलं की हिशोब ४२ चाच धरा, आणि शक्य असेल तर पर्समधली टेप काढून स्वतः मोजा. कोणी रागावत नाही.

क्षेत्रफळाचा गुणाकार करू नका

ही चूक हुशार माणसं करतात. लांबी गुणिले रुंदी, भागिले चौकोनाचं क्षेत्रफळ, आलं उत्तर. पण कापड म्हणजे पीठ नव्हे, की उरलेलं गोळा करून आणखी एक पोळी लाटावी. ४ इंचांच्या पट्टीतून ५ इंचांचा चौकोन निघणार नाही. आधी पन्ह्यात किती चौकोन बसतात ते बघा आणि अपूर्णांक सोडून द्या. मग ओळी मोजा, ओळींना चौकोनाच्या मापाने गुणा. वहीच्या पानावर पन्ह्याचा आयत काढून चौकोन आखले तर चूक होतच नाही.

वार आणि मीटर

एक वार म्हणजे ३६ इंच, मीटर म्हणजे ३९.३७ इंच. नऊवारी लुगडं नऊ वारांचं, मीटरमध्ये सव्वाआठच्या जवळपास. पाच मीटर हवं असताना पाच वार घेतलं तर जवळजवळ ४३ सेंटिमीटर कमी पडतं. परदेशी नमुन्यांत माप बहुतेक वारात असतं. तिथे आकडा तसाच ठेवून मीटरने घेतलं तर उलट थोडं जास्त येतं, ते चालतं.

त्याच नमुन्यांत 'फॅट क्वार्टर' लिहिलेलं असतं. पुष्कळजणी दुकानात जाऊन पाव मीटर मागतात आणि २५ सेंटिमीटर उंचीची लांबच लांब पट्टी घेऊन येतात. फॅट क्वार्टर म्हणजे साधारण १८ बाय २२ इंचांचा तुकडा: एक वार कापड उभं-आडवं अर्धं करून झालेला चौथा भाग. पाव मीटरच्या पट्टीत १० इंचांचा चौकोन बसत नाही, कारण तिची उंची १० इंचांना थोडक्यासाठी पोचत नाही; फॅट क्वार्टरमध्ये दोन बसतात. आपल्याकडे सोपा उपाय: ४४ पन्ह्याचं अर्धा मीटर घ्या आणि पन्ह्याच्या मधोमध कापा. दोन तुकडे मिळाले.

फाडून घ्या, मग भिजवा

साधं सुती कापड दुकानदाराने कात्रीने खाच देऊन टर्रकन फाडलं की मला बरं वाटतं. फाटताना ते आडव्या सुतावरच फाटतं. कात्रीने कापलेलं टोक तिरकं असू शकतं आणि सरळ करताना दोन-तीन इंच जातात. कट पीस घेताना तर हे हमखास बघा. चौकोन उभ्या-आडव्या सुतातच कापायचे. उरेब, म्हणजे सुताला तिरका, कापलेला चौकोन शिवताना ताणतो आणि गोधडीला पोट येतं. ठशाच्या छपाईत मात्र रेघा सुताला धरून असतीलच असं नाही. तिथे सूत सोडून डोळ्यांना सरळ दिसेल तसं कापावं, असं माझं मत.

मोजताना मीटरपट्टीवर कापड ताणलं जात असेल तर "जरा सैल धरा" म्हणा. सुती कापड पहिल्या पाण्यात मीटरमागे तीन ते पाच सेंटिमीटर आटू शकतं, म्हणून कापायच्या आधी भिजवा. गडद लाल, निळं वेगळ्या बादलीत. ठाण्यातल्या पावसात वाळायला दोन दिवस लागले तरी ही पायरी गाळू नका. टेरिकॉट (पॉलिएस्टर मिसळलेलं कापड) आणि सुती एकत्र शिवलं तर धुतल्यावर सुती आटतं, टेरिकॉट आटत नाही, आणि सगळीकडे चुण्या पडतात. शंका असेल तर दोन सुतं जाळून बघा: सुती असेल तर मऊ राख होते आणि कागद जळल्यासारखा वास येतो, भेसळ असेल तर कडक गाठ उरते.

कमी पडलंच तर

रंगाशी रंग जुळवत बाजार पालथा घालू नका. दुसऱ्या ताग्यातला तोच रंग शेजारी ठेवला की वेगळा दिसतोच. मुद्दाम वेगळं कापड लावा. माझी गोधडी १७ ओळींची झाली, साडेतेरा इंच आखूड. आईची फिक्या बदामी रंगाची सुती साडी कपाटात होती. तिच्या सव्वासात इंचांच्या दोन पट्ट्या कापल्या, शिवणी जाऊन पावणेसात उरल्या. एक उशाकडे लावली, एक पायाकडे. भाची पांघरते तेव्हा उशाकडची पट्टी तिच्या हनुवटीपाशी येते.