जुन्या एमजीबी जीटीचा आवाज आवरताना: काय चिकटवावं, काय मोकळं सोडावं

ताशी ७० मैलांना एमजीबी जीटीमध्ये शेजारच्या माणसाशी बोलायचं तर ओरडावं लागतं. १९६५ साली ही जीटी आली, एमजीबी या उघड्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाडीची छपरवाली बहीण. पिनिनफरीना या इटालियन डिझाइन कंपनीने रेखाटलेलं तिचं छप्पर दिसायला फार देखणं, पण त्या पत्र्याच्या छपराखाली आवाज कोंडतो आणि घुमत राहतो. उघड्या गाडीत तो निदान उडून तरी जातो. म्हणून जीटीवाले बहुतेक सगळे कधी ना कधी 'साउंडप्रूफिंग'च्या मागे लागतात, चिकटपट्ट्यांचा मोठा खोका मागवतात आणि दिसेल त्या पत्र्यावर डकवत सुटतात. गाडी वीस-पंचवीस किलोंनी जड होते, आवाज थोडासाच कमी होतो, आणि दोन-तीन पावसाळी हिवाळ्यांनी त्या पट्ट्यांखालचा पत्रा कुजलेला निघतो.

माझी गाडी १९७२ सालची, टील ब्लू रंगाची, उजव्या स्टीअरिंगची. राहते इंग्लंडात, कॉव्हेंट्रीजवळ, म्हणजे पावसाची कमतरता नाही. मी हे काम ज्या क्रमाने करते तो असा: आधी ऐकायचं, मग दुरुस्त करायचं, मग भोकं बुजवायची, आणि पट्ट्या सगळ्यात शेवटी. गाडी मुकी करायची नाही. इंजिनाचा सूर राहिला पाहिजे. पत्र्याचा खडखडाट, वाऱ्याची सणसण आणि कानात दाटणारा घुमारा गेला पाहिजे.

आवाज कुठून येतो ते आधी ओळखा

मोकळ्या, सपाट रस्त्यावर एकाच वेगाने जा आणि क्षणभर क्लच दाबून इंजिन आयडलवर येऊ द्या. जो आवाज गेला तो इंजिनाचा आणि एक्झॉस्टचा. जो राहिला तो टायर, मागचा डिफरन्शियल आणि वारा यांचा. वाऱ्याचा वेगळा काढायचा असेल तर दारांच्या फटींवर बाहेरून मास्किंग टेप लावून तीच फेरी पुन्हा मारा. टेप लावल्यावर लक्षात येण्याइतका फरक पडला तर तुम्हाला दाराची रबरं हवीत, पट्ट्या नव्हेत. रबर नेमकं कुठे सैल आहे हे शोधायला दारात कागदाची पट्टी धरून दार लावा आणि ती ओढा. विरोध न होता निघून आली की जागा सापडली.

मोबाइलमधलं डेसिबलचं ॲप आधी-नंतरच्या तुलनेपुरतं ठीक आहे, त्यातला आकडा खरा धरू नका. कानाला आवाज निम्मा झाल्यासारखा वाटायला साधारण १० डेसिबल कमी व्हावे लागतात. नुसत्या पट्ट्यांनी ते होत नाही.

मग दुरुस्ती. एक्झॉस्टचा पाइप कुठे बॉडीला टेकत असेल तर सगळी गाडी ढोलासारखी वाजते, आणि आत कितीही माल भरला तरी थांबत नाही. त्याची लोंबती रबरं, इंजिन आणि गिअरबॉक्सची माउंटिंग, प्रॉपशाफ्टचे (गिअरबॉक्सपासून मागे जाणाऱ्या फिरत्या दांड्याचे) जॉइंट, हे सगळं तपासा. टायर जुने होऊन कडक झाले असतील तर ते बदला. जीटीला १६५ मिलीमीटर रुंदीचे १४ इंची लागतात, आणि ताजं रबर खूप शांत चालतं.

ओव्हरड्राइव्ह, म्हणजे त्याच वेगाला इंजिनाचे फेरे कमी करणारा गिअरबॉक्सला जोडलेला जादा गिअर, हा तर माझ्या मते या गाडीचा सगळ्यात गुणी शांतीदूत. चौथ्या गिअरमध्ये ७० मैलांना इंजिन मिनिटाला सुमारे ३९०० फेरे फिरतं. चार सिलिंडर, म्हणजे सेकंदाला १३० ठिणग्या, आणि कानात दाटणारा घुमारा नेमका या टापूतला असतो. ओव्हरड्राइव्ह टाकला की फेरे ३२०० च्या आसपास येतात. तुमच्या गाडीत तो असूनही लागत नसेल तर आधी त्याची वायरिंग आणि गिअरबॉक्समधलं तेल बघा, पट्ट्यांचे पैसे तिकडे घाला.

आतलं सगळं बाहेर

बॅटरीची तार काढा. १९७२ च्या गाडीत सीटांच्या मागे, फरशीखाली, सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात. त्यांच्यावरचं झाकण पुढेही उघडता आलं पाहिजे, म्हणजे त्यावर लावायचा थर झाकणाच्या मापाने वेगळा कापायचा. सीट काढल्या की रुळांखाली लाकडी पट्ट्या दिसतील. त्या जपून ठेवा, कुजल्या असतील तर तशाच जाडीच्या नव्या करून घ्या. रुळांखाली आवाजाचा कुठलाही थर घालायचा नाही. मऊ थरावर आवळलेला बोल्ट पुढे सैल होतो, आणि सीटचा बोल्ट सैल चालत नाही.

कार्पेटखालचं जुनं नमदा-कापड ओलं लागलं तर काम तिथेच थांबवा. पाणी कुठून येतं ते सापडेपर्यंत पुढे जाऊ नका. या गाडीत पहिला संशय विंडस्क्रीनसमोरच्या हवेच्या जाळीवर घ्यावा. त्या जाळीतून पडलेलं पावसाचं पाणी एका नळीने गिअरबॉक्सच्या बोगद्यात (दोन सीटांमधल्या पत्र्याच्या उंचवट्याखाली) उतरतं. नळीत पाला-माती साचली की तेच पाणी हीटरवाटे तुमच्या पायांवर येतं. जाळीत पेलाभर पाणी ओता आणि गाडीखाली पडतंय का बघा. मग दारांच्या तळाची आणि सिलची (दाराखालच्या पत्र्याच्या पोकळ पेटीची) पाणी जाण्याची भोकं तारेने मोकळी करा. गंज खरवडा, गेलेला पत्रा बदला, प्रायमर आणि रंग द्या, पूर्ण वाळू द्या. एमजीबीला वेगळी चासी नसते, फरशी आणि सिल मिळूनच तिचा कणा होतो. त्यामुळे कुजलेल्या फरशीवर पट्टी लावणं म्हणजे आवाज नाही, धोका झाकणं.

भोकं

पत्र्याच्या एकूण क्षेत्राच्या एक टक्का जरी उघडी फट राहिली, तरी बाकीचा अडथळा कितीही भक्कम असो, २० डेसिबलच्या पुढे आवाज अडत नाही. आणि इंजिन व केबिन यांच्या मधल्या पत्र्याला तर भोकंच भोकं: वायरिंगचं, चोकच्या केबलचं, स्टीअरिंग कॉलमचं, पेडलांचं, शिवाय कधीकाळी कुणीतरी रेडिओसाठी पाडून तसंच सोडलेलं.

ती शोधायला रात्र बरी. बॉनेटखाली जोरदार दिवा ठेवायचा, गॅरेजचे दिवे बंद करायचे आणि आत पायांच्या जागेत डोकं घालायचं. माझ्या मुलीला मी हे काम देते. ती खडू घेऊन आत बसते आणि जिथे उजेडाचा ठिपका दिसेल तिथे गोल करते. वायरिंगच्या भोवतीचं ग्रोमेट, म्हणजे भोकात बसणारं रबरी कडं, बाहेरून धडधाकट दिसतं, पण मागून पाहिलं तर वाळून चिरलेलं असतं आणि तारांच्या बाजूने बोटभर फट असते. ते बदलायचं, निकामी भोकांना रबरी बूच लावायचं. सगळीकडे सिलिकॉन थापत बसू नका. उद्या तिथून तार ओढायची वेळ येते.

गिअरच्या दांड्याकडे विशेष लक्ष द्या. वरचं चामड्यासारखं आवरण दिसायला असतं. खरं काम खालच्या रबरी बुटाचं. तो फाटका असेल तर गिअरबॉक्सची घरघर, गरम हवा आणि तेलाचा वास तिघंही थेट वर येतात. हा स्वस्तातला भाग बदलल्यावर जेवढा फरक पडतो, तेवढा त्याच किमतीच्या दुसऱ्या कुठल्याही वस्तूने पडत नाही.

पट्ट्या

आता ब्यूटाईल. वर ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा आणि खाली चिकट ब्यूटाईल रबर, अशी ही पट्टी आवाज अडवत नाही. पत्र्याचं थरथरणं शोषून त्याची किंचित उष्णता करते. त्यामुळे ती सगळीकडे लागत नाही. पत्रा जिथे सपाट, मोठा आणि मोकळा आहे तिथे मधोमध लावा. चौथा हिस्सा ते अर्धा भाग झाकला की पुरे. बोटाच्या पेराने टकटक करून बघा: 'टण्ण' वाजत असेल तर लावा, 'थप्प' वाजलं की थांबा, पुढच्या पत्र्याकडे वळा. दुमडीपाशी, जोडापाशी पत्रा आधीच ताठ असतो, तिथे लावलेलं फुकट जातं.

पत्रा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्या. पुठ्ठ्याचा नमुना कापा, तो जागेवर बसवून बघा आणि मगच पट्टी कापा. कोपरे गोल ठेवा, टोकदार कोपरा आधी सुटतो. हातमोजे घाला, ॲल्युमिनियमची कड बोट चिरते. इथल्या फेब्रुवारीत गॅरेज इतकं गार असतं की पट्टी नीट धरत नाही; हेअर ड्रायरने पत्रा आणि पट्टी दोन्ही कोमट करून घ्या. मग छोट्या रोलरने मधून कडेकडे जोर लावून दाबत जा. वरची ठशांची नक्षी पार सपाट झाली म्हणजे पट्टी बसली. नक्षी दिसतेय तिथे खाली हवा आहे, आणि हवेत पुढे ओल येते. बोल्ट, बुचं, पाणी जाण्याची भोकं झाकायची नाहीत. तुमच्या गिअरबॉक्सची डिपस्टिक बोगद्यावरच्या बुचाखाली असेल, तर ते बूचही मोकळं ठेवा.

दारात बाहेरच्या पत्र्याच्या आतल्या अंगाला दोन-तीन तुकडे पुरतात. आधी काच पूर्ण खाली घेऊन ती पट्टीला घासणार नाही याची खात्री करा. दार लावतानाचा आवाज लगेच बदलतो, आणि मला या सगळ्या कामात तो क्षण फार आवडतो. मागे चाकांच्या कमानी आणि स्टेपनीची खळगी यांना कंजुषी नको, खडी उडून तिथेच आपटते. छताचं मूळ अस्तर चांगलं असेल तर त्याला हात लावू नका.

फरशी आणि बोगदा यांच्यावर, ब्यूटाईलच्या वर, ६ मिलीमीटरचा बंद छिद्रांचा फोम आणि त्यावर जड व्हिनाईलची चादर. बाहेरून येणारा आवाज खऱ्या अर्थाने अडवते ती ही जड चादर, पण ती पत्र्यापासून सुटी राहिली तरच. मधला फोम त्यासाठीच. फोम उघड्या छिद्रांचा, म्हणजे स्पंजसारखा, अजिबात घेऊ नका, तो पाणी पितो. चादरीचं वजन चौरस मीटरला ५ किलोच्या आसपास भरतं, म्हणून ती फक्त पुढची फरशी, इंजिनाकडचा पत्रा आणि बोगदा एवढ्यावरच. या इंजिनात कार्बुरेटर आणि एक्झॉस्ट दोन्ही डावीकडे आहेत, त्यामुळे डावीकडे बसणाऱ्याचे पाय भाजतात. त्या बाजूला उष्णता सहन करणारा, ॲल्युमिनियम लावलेला फोम वापरा.

एक आवाज मात्र मुद्दाम राखा. किल्ली फिरवली की मागून उजवीकडून पेट्रोल पंपाची टिकटिक येते. कार्बुरेटरच्या वाट्या भरल्या की ती मंदावते आणि थांबते. थांबली नाही, तर कुठेतरी गळतंय किंवा टाकीत पेट्रोल नाही. इतकी नेमकी खबर देणारा आवाज जाड थरांखाली पुरू नये. मी तो कोपरा मोकळा ठेवते.

पुण्या-नागपुरात जुनी हेरल्ड किंवा पद्मिनी बाळगणाऱ्यांनीही क्रम हाच ठेवावा, फक्त छप्पर गळू नये म्हणून मिळणारी डांबरी पट्टी आत लावू नये. मे महिन्यात उन्हातल्या पत्र्यावर ती मऊ पडते, सरकते आणि गाडीभर डांबराचा वास बसतो. ब्यूटाईलच घ्या. कोकणात गाडी असेल तर पाणी जाण्याची भोकं पावसाळ्याआधी एकदा आणि मध्ये एकदा तपासा.

शेवटी कार्पेट. बोगद्यावरचं आणि सिलवरचं चिकटवा, फरशीवरचं चिकटवू नका. त्याला दाबाची बटणं लावा, म्हणजे उचलून वाळवता येतं. पहिला मोठा पाऊस होऊन गेला की ते उचला आणि खाली हात फिरवून बघा. बोगद्याच्या बाजूला, वरून ओघळल्यासारखं ओलं असेल तर हीटरची नळी पुन्हा तुंबली आहे. दाराच्या कडेने ओलं असेल तर दाराचं रबर. आणि मागे स्टेपनीच्या खळगीत पाणी साचलं असेल तर मागच्या दाराचं रबर बदलायला झालं.