परदेशातलं सेमिस्टर आवरताना: बडोद्याला परतणाऱ्यांसाठी

बाहेर शिकायला जायचं ठरलं की बडोद्यात सल्ल्याला तोटा नसतो. अलकापुरीत कन्सल्टंट आहेत, फॅकल्टीत सिनिअर आहेत, दांडिया बाजारातल्या कुठल्याही वाड्यात चौकशी केलीत तर कुणाचा ना कुणाचा भाचा जर्मनीत निघतोच. व्हिसाचे कागद, ब्लॉक केलेलं खातं (व्हिसासाठी तिथल्या खर्चाची रक्कम आधीच अडकवून ठेवायचं), थर्मल, छोटा कुकर, सगळ्याची यादी आयती मिळते. परत कसं यायचं हे मात्र कुणी सांगत नाही. तिकीट काढलं की झालं, असं घरच्यांना वाटतं आणि आपल्यालाही.

मी ड्रेस्डेनला एक हिवाळी सेमिस्टर करून नुकतीच परत आले. एक्सचेंजवर जर्मनीला एका सेमिस्टरसाठी जाणाऱ्यांना हे सगळं उपयोगी पडावं म्हणून लिहितेय. दुसऱ्या देशात नियम वेगळे असतील, पण तिथेही ही कामं कुठल्या ना कुठल्या रूपात करावीच लागतात.

मुळातली गोष्ट अशी की तिथल्या काउंटरवर पंधरा मिनिटांत होणाऱ्या कामाला इथून ईमेल करत बसलं तर महिने जातात. त्यामुळे डिसेंबरच्या सुट्टीत एकदा शांतपणे बसून कुठली कामं फक्त तिथे असतानाच होतील ते काढा. बाकीची बडोद्याला येऊनही करता येतात.

आधी तारखा. जर्मन विद्यापीठांचं हिवाळी सेमिस्टर १ ऑक्टोबर ते ३१ मार्च असं असतं. लेक्चर्स फेब्रुवारीत संपतात आणि त्यानंतर परीक्षांचे आठवडे सुरू होतात. इकडे आपलं पुढचं सेमिस्टर तोवर निम्मं होत आलेलं असतं. म्हणून शेवटचं लेक्चर झालं की लगेच निघू, असं पुष्कळजण ठरवतात आणि ऑक्टोबरातच स्वस्त तिकीट काढून मोकळे होतात. परीक्षेच्या तारखा तेव्हा जाहीरही झालेल्या नसतात. तिकीट बदलता येईल असंच घ्या, थोडे पैसे जास्त गेले तरी. तोंडी परीक्षा असेल तर प्राध्यापकांना डिसेंबरातच भेटून आपली अडचण सांगा. एक्सचेंजच्या विद्यार्थ्यांना तारीख अलीकडे घेऊन देणारे प्राध्यापक असतात, फक्त त्यांना आयत्या वेळी विचारलेलं आवडत नाही. आणि इथल्या विभागात हजेरी आणि इंटर्नल परीक्षांबद्दल निघण्यापूर्वीच लेखी ठरवून घ्या. फोनवरचं ‘हो, बघू’ मार्चमध्ये कुणाच्या लक्षात राहत नाही.

आता क्रेडिट्स. यावर मी सगळ्यात जास्त वेळ घेणार आहे, कारण सहा महिन्यांची मेहनत तुमच्या मार्कशीटवर चढते की नाही ते इथेच ठरतं. युरोपातलं क्रेडिट, म्हणजे ईसीटीएस, हे विद्यार्थ्याच्या एकूण कामाच्या तासांवर मोजतात. एका क्रेडिटला २५ ते ३० तास, त्यात लेक्चर, घरचा अभ्यास, परीक्षेची तयारी सगळं आलं. पूर्ण सेमिस्टरला ३० क्रेडिट्स. आपल्याकडे साधारणपणे आठवड्याला एक तास लेक्चर, असं सेमिस्टरभर चाललं की एक क्रेडिट. त्यामुळे दोन्ही आकडे शेजारी ठेवून चालत नाही. गुणांचं तर उलटंच आहे. तिथे १.० म्हणजे सर्वोत्तम, ४.० म्हणजे काठावर पास आणि ५.० म्हणजे नापास. मी निकालाची प्रत घेऊन आमच्या मॅडमकडे गेले, तर त्यांनी चष्मा वर सरकवला आणि काळजीने विचारलं, “अगं, १.७ म्हणजे काय झालं तुझं?” मी सोबत आणलेला श्रेणींचा तक्ता पुढे ठेवला, तेव्हा कुठे त्यांचा चेहरा खुलला. मॅडम तरी विचारणाऱ्या होत्या. परीक्षा विभागातला कारकून विचारत बसणार नाही, तो समोर दिसेल तो आकडा भरणार. म्हणून श्रेणींचं स्पष्टीकरण असलेलं, विद्यापीठाचा शिक्का मारलेलं पान निकालासोबत असायलाच हवं. आंतरराष्ट्रीय विभागात मागितलं की देतात.

दुसरं, प्रत्येक विषयाचं मॉड्यूलवर्णन. जर्मन विद्यापीठांत मोडूलहांडबुख नावाची पुस्तिका असते. विषयात काय शिकवलं, किती तास, परीक्षा कुठल्या पद्धतीची, हे सगळं त्यात छापलेलं असतं. आपल्याकडची समिती समकक्षता ठरवताना नेमकं हेच मागते. पुस्तिका दर काही काळाने बदलते, तेव्हा तुमच्या सेमिस्टरची पीडीएफ तिथे असतानाच उतरवून ठेवा. फक्त जर्मनमध्ये असेल तर त्या विषयाच्या प्राध्यापकांकडून एक पानभर इंग्रजी माहिती सही करून घ्या. तिसरं, लर्निंग अ‍ॅग्रीमेंट, म्हणजे तिथे कुठले विषय घेणार याची दोन्ही विद्यापीठांनी मान्य केलेली यादी. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत विषय बदलणं अगदी साहजिक आहे, पण बदललेल्या यादीवर तिकडची आणि इकडची दोन्ही सह्या हव्यात. जुन्या यादीवर सही आणि निकालात नवा विषय, असं झालं तर कुणीही अडवू शकतं, आणि त्याला चूकही म्हणता येत नाही.

निकाल मात्र निघायच्या आत हातात पडेल अशी आशा धरू नका. लेखी परीक्षेचे गुण लागायला काही आठवडे जातात, रिपोर्ट लिहायचा असेल तर आणखी. ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे अधिकृत गुणपत्रक, कुठे पाठवायची ते आंतरराष्ट्रीय विभागाला आधीच सांगा. बडोद्याचा पूर्ण पत्ता, पिनकोड, मोबाइल नंबर, आणि सही केलेली पीडीएफ तुमच्या खाजगी ईमेलवर. विद्यापीठाचा ईमेल नाव कमी झाल्यावर काही काळाने बंद होतो, आणि सगळा पत्रव्यवहार त्याच ईमेलवर असतो. त्यातलं महत्त्वाचं सगळं वेळेवर बाहेर काढा. शेवटच्या आठवड्यात मुक्कामाचं प्रमाणपत्रही घ्या, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत इथे शिकत होता ते सांगणारं. शिष्यवृत्ती असेल तर शेवटचा हप्ता त्यावर अडलेला असू शकतो.

शिफारसपत्राचंही तसंच. ज्या प्राध्यापकांच्या सेमिनारमध्ये तुम्ही खरोखर काम केलंत, त्यांना निघण्यापूर्वी प्रत्यक्ष भेटा. पुढे पीएचडीसाठी अर्ज कराल तेव्हा दोन वर्षांपूर्वीच्या एका विद्यार्थ्याचा चेहरा त्यांना आठवायला हवा.

खोलीकडे वळते. स्टुडंट हॉस्टेलचा करार बहुधा सेमिस्टरच्या शेवटापर्यंत असतो. आधी निघायचं असेल तर नोटिशीची मुदत पाळावी लागते किंवा तुमच्या जागी राहणारं कुणी शोधून द्यावं लागतं, तेव्हा करार डिसेंबरातच पुन्हा वाचा. घरभाड्याच्या कायद्यानुसार डिपॉझिट मूळ भाड्याच्या तीन महिन्यांपर्यंत असू शकतं, म्हणजे रक्कम लहान नाही. खोली तपासायला हाउसमाइस्टर येतो, म्हणजे इमारतीची देखभाल करणारा माणूस. तो कामाच्या दिवशी, बहुतेक सकाळीच येतो आणि वेळ आधी ठरवावी लागते. रविवारचं विमान असेल तर तपासणी शुक्रवारपर्यंत उरकलेली हवी, आणि मधल्या दोन रात्री कुणाकडे काढायच्या ते ठरलेलं हवं.

आपल्या मुलामुलींची खोली कुठे अडकते ते सांगते. नळावर आणि शॉवरच्या काचेवर चुन्याचा पांढरा थर बसतो, तिथलं पाणी जड असेल तर फार लवकर. फडक्याने पुसून तो जात नाही. सुपरमार्केटात मिळणारं तीव्र व्हिनेगर पाण्यात मिसळून लावा, थोडा वेळ राहू द्या, मग घासा. स्वयंपाकघरात दुसरी जागा म्हणजे शेगडीच्या वरची जाळी. सहा महिने आपण फोडण्या करतो, तेलाची वाफ त्या जाळीत जाऊन बसते आणि चिकट पिवळा थर होतो. जाळी काढून गरम पाण्यात भांड्याचं लिक्विड घालून रात्रभर बुडवून ठेवली की सुटते. ओट्यावरचे हळदीचे डाग पाहुण्याला दिसत नाहीत, हाउसमाइस्टरला दिसतात. आमच्या मजल्यावर जो आला तो शांतपणे खाली वाकून ओव्हनच्या दाराच्या आतल्या काचेवरून बोट फिरवत होता. तपासणी झाली की ताब्याच्या कागदावर त्याची सही घ्या आणि खोलीचे फोटो काढून ठेवा, भिंती, खिडकी, गादी, सगळ्याचे. डिपॉझिट काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी खात्यात येतं. तोवर तिथलं बँक खातं बंद करू नका. बँकेच्या अ‍ॅपला जर्मन मोबाइल नंबर जोडलेला असेल तर भारतीय नंबर चालतो का ते निघण्यापूर्वी विचारा, नाहीतर इथे बसून ओटीपीच येणार नाही.

सरकारी कामांत पहिलं आबमेल्डुंग. आल्यावर पत्ता नोंदवला होता, तसाच जाताना तो काढायचा. निघण्याच्या जास्तीत जास्त एक आठवडा आधी आणि निघाल्यावर दोन आठवड्यांच्या आत ते करायचं असतं. मिळालेला कागद जपून ठेवा, कारण बाकीच्या साखळ्या त्याच्यावरच सुटतात. आरोग्यविमा, इंटरनेट आणि रुंडफुंकबायत्राग, म्हणजे रेडिओ-टीव्हीची वर्गणी. ती दर घरटी महिन्याला १८.३६ युरो आहे, टीव्ही असो वा नसो, आणि तुम्ही देश सोडला हे त्यांना तुम्ही कळवेपर्यंत ती चालूच राहते. ब्लॉक केलेल्या खात्यात रक्कम उरली असेल तर ती मोकळी करायला कुठला कागद लागतो ते त्या बँकेला जानेवारीत विचारा. अर्धवेळ नोकरी केली असेल तर वर्षाच्या पगाराचं आणि कापलेल्या कराचं पत्रक मालकाकडून मागून घ्या. कापलेला कर परत मिळवायचा अर्ज चार वर्षांपर्यंत करता येतो, इथूनही.

सामानाबद्दल थोडक्यात. कुकर, मसाल्याचे डबे, जाड रजई पुढच्या तुकडीसाठी ठेवून या. तुमच्यासाठी ते तुमच्या सिनिअरनी ठेवलं होतं, तसंच. जाकीट विकू नका, पुढे कधी हिमाचलला जाल तेव्हा लागेल. साठलेल्या बाटल्या दुकानातल्या यंत्रात घाला, एकदाच वापरायच्या प्लास्टिक बाटलीमागे २५ सेंट परत मिळतात. कस्टममध्ये वापरातले कपडे आणि १८ वर्षांवरच्या प्रवाशाचा एक लॅपटॉप याला अडचण नसते. नव्या कोऱ्या वस्तूंच्या पावत्या मात्र हाताशी ठेवा. उतरायचं मुंबईला की अहमदाबादला, हेही नीट ठरवा. मुंबईला विमानं जास्त, पण मध्यरात्री उतरून दोन जड बॅगा घेऊन बोरिवली गाठायचं आणि सकाळच्या गाडीची वाट बघायची, हे थकलेल्या अंगाला जड जातं. अहमदाबादहून एक्सप्रेस वेने घरचे गाडी घेऊन येऊ शकतात.

आणि मूळ कागद कायम हातातल्या बॅगेत. हे लिहिताना बडोद्याच्या माणसाला बाबासाहेबांची आठवण होणारच. १९१३ साली बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठात गेले, तिथून लंडनला. मुदत संपली म्हणून १९१७ मध्ये लंडनचा अभ्यास अर्धा ठेवून त्यांना परतावं लागलं. त्यांची पुस्तकं वेगळ्या बोटीने येत होती, आणि महायुद्धाच्या त्या काळात ती बोट पाणबुडीने बुडवली. बडोद्यात आल्यावर त्यांना राहायला धड जागासुद्धा मिळाली नाही. कमाटीबागेतली संकल्पभूमी, म्हणजे त्यांनी विषमतेविरुद्ध लढायचा संकल्प केला ती जागा, त्याच दिवसांची आहे. त्यांच्या परतण्याशी आपल्या परतण्याची तुलना होऊच शकत नाही. पण एक गोष्ट मला नेहमी थक्क करते. निघताना त्यांनी चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पूर्ण करायची परवानगी मिळवलेली होती, आणि १९२० मध्ये ते खरोखर परत गेले. तिथल्या प्राध्यापकांशी, विभागाशी असलेला धागा आपणही असाच जोडलेला ठेवावा, असं मला मनापासून वाटतं.

घरी आल्यावर पहिले काही दिवस विचित्र जातात, हे आधीच माहीत असलेलं बरं. मार्चचं ऊन, रावपुऱ्यातले हॉर्न, आणि भेटायला येणारा प्रत्येकजण “किती टक्के पडले?” विचारणारा. तिथल्या रविवारी दुकानं बंद, रस्ते शांत. इथे रविवारीच सगळे घरी. आजीला सगळं पहिल्यापासून ऐकायचं असतं, आणि आपल्याला मात्र बुडालेल्या लेक्चर्सची काळजी. आजीला वेळ द्या. लेक्चर्सच्या वह्या एखाद्या मैत्रिणीकडून आधीच मागवून ठेवलेल्या असल्या की ते ओझं अर्धं होतं. पहिल्या आठवड्यातच एक पान लिहून काढा: कुठले विषय, कुठला प्रकल्प, कुठली उपकरणं वा सॉफ्टवेअर हाताळलं. सीव्हीसाठी हे पान लागतं आणि तपशील फार लवकर पुसट होतात. विभागात अर्ज द्यायला जाल तेव्हा ट्रान्सक्रिप्ट, श्रेणींचा तक्ता, मॉड्यूलवर्णनं आणि अ‍ॅग्रीमेंट यांचे दोन संच न्या, आणि एकावर पोच घ्या.

डिपॉझिट जमा झालं, विम्याचा शेवटचा हिशेब आला, ट्रान्सक्रिप्ट टपालाने पोचली आणि क्रेडिट्स इथल्या नोंदीत दिसली, की मग तिकडच्या बँकेला खातं बंद करायचं पत्र पाठवा. उरलेले युरो कुठल्या खात्यात वळवायचे ते त्याच पत्रात लिहा.