संस्था अडचणीत येण्याआधी होणाऱ्या या चुका टाळा

आयर्विन पुलाजवळ कृष्णा ४० फुटांवर गेली की इशारा, ४५ वर गेली की धोका, हे सांगलीत पोरासोरांनाही पाठ असतं. तरी जाणता माणूस पुलाच्या आकड्यावर थांबत नाही. कोयनेच्या पाणलोटात पाऊस किती, धरणातून विसर्ग किती, खाली अलमट्टीतून किती सोडलंय, हे तो आधी विचारतो. वरून सुटलेलं पाणी इथं यायला जितका वेळ लागतो, तितकाच वेळ सामान हलवायला मिळतो.

परिणामाची खबर कुठून मिळते, किती उशिरा मिळते आणि ती मिळाल्यावर आपण काय बदलतो, याचं शास्त्र म्हणजे सायबरनेटिक्स. अमेरिकन गणिती नॉर्बर्ट वीनर यांनी १९४८ मध्ये ते मांडलं. आपल्या जिल्ह्यातल्या शेतकरी उत्पादक कंपन्या आणि दूध संस्थांचं दप्तर बघताना मला ते सारखं उपयोगी पडतं. संस्था बुडाली की आपण लगेच भ्रष्टाचार शोधतो. पुष्कळदा संचालक प्रामाणिक असतात, पण बाहेर काय बदललं हे त्यांना वेळेत कळलेलं नसतं.

ठरलेल्या यादीपलीकडं न बघणं

२०१० चा द्राक्ष हंगाम आठवा. निर्यातीच्या बागांची नोंदणी झालेली होती, ग्रेपनेटवर, म्हणजे निर्यातीच्या द्राक्षबागांची नोंद ठेवणाऱ्या ऑनलाइन यंत्रणेवर, प्लॉट होते, फळात उरलेले अंश तपासायच्या रसायनांची यादीही होती. त्या यादीप्रमाणं माल पास झाला, कंटेनर युरोपात पोचले, आणि तिथं द्राक्षात क्लोरमेक्वाट क्लोराइड सापडलं. म्हणजे आपलं सीसीसी. खरड छाटणीनंतर शेंड्याची वाढ रोखून काडीत घड तयार व्हावा म्हणून बागायतदार ते मारायचे. तिकडची मर्यादा होती किलोला ०.०५ मिलिग्रॅम. आपल्या यादीत मात्र सीसीसीचं नावच नव्हतं. त्यामुळं प्रयोगशाळेनं काम चोख करूनही माल अडकला आणि बागायतदार कर्जात गेले.

ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ रॉस ॲशबी यांनी १९५६ मध्ये जो नियम सांगितला तो इथं तंतोतंत लागू पडतो: बाहेरून जितक्या तऱ्हांचा धक्का येऊ शकतो, तितक्या तऱ्हांची उत्तरं सांभाळणाऱ्याजवळ हवीत. म्हणून यादी दुसऱ्या टोकाकडून करा. सभासदांच्या फवारणीच्या वह्या घ्या, खरोखर काय काय मारलं जातं ते उतरवून काढा, आणि खरेदीदाराच्या देशातली मर्यादा त्याच्यासमोर लिहा. हे फळछाटणीच्या आधी व्हायला हवं, हार्वेस्टिंगच्या तोंडावर नव्हे.

बेरजेवर विश्वास ठेवणं

दूध संस्थेच्या मासिक अहवालात एकूण संकलन दिसतं. ते गेल्या महिन्याइतकंच असलं की सभा चहावर संपते. संकलनाचं रजिस्टर उघडा. जुना सभासद सकाळचं दूध घालतोय, पण संध्याकाळचा रकाना कोरा आहे. म्हणजे संध्याकाळचं दूध दुसऱ्या डेअरीला जातंय, आणि नव्या दोघातिघांच्या दुधानं ती घट झाकली गेली आहे. काही महिन्यांनी त्याचं सकाळचंही जातं.

चिलीत १९७१ ते १९७३ या काळात ब्रिटिश सायबरनेटिक्स तज्ज्ञ स्टॅफर्ड बीअर यांनी सरकारी कारखाने टेलेक्सनं, म्हणजे तारेवरून टंकलिखित निरोप धाडणाऱ्या यंत्रांनी, जोडले, ते असल्याच उशिरावर उपाय म्हणून. १९७२ च्या ट्रकमालकांच्या संपात त्याच तारांवरून माल हलवायच्या खबरा फिरल्या. पुढच्या वर्षी लष्करी उठावात तो प्रकल्प संपला, पण खबर ताजी हवी हा त्यातला धडा आजही खरा आहे. आपल्याला एवढ्या यंत्रणेची गरज नाही. दहा दिवसांचं बिल काढताना ज्यांचं दूध निम्म्यावर आलं त्यांची नावं सचिवानं वेगळी काढावीत, आणि एखाद्या संचालकानं त्यांच्या गोठ्यावर जाऊन कारण विचारावं. फॅट लागत नाही, बिल उशिरा मिळतं, की संकलनाची वेळ सोयीची नाही, हे तिथंच कळतं.

गेल्या हंगामाच्या दरावर धावणं

हळदीला दर चढला की सगळे हळद लावतात. पीक हाती यायला आठ-नऊ महिने लागतात, तोवर बाजार फिरलेला असतो. खबर आणि कृती यांत इतकं अंतर असेल, तर जोरात केलेली दुरुस्ती हेलकावे वाढवते. क्षेत्र थोडंथोडं बदला.

एकाच वाटेवर सगळी भिस्त

किर्लोस्करवाडीचा कारखाना १९१० मध्ये औंध संस्थानच्या हद्दीत उभा राहिला. लोखंडी नांगर शेतकरी सुरुवातीला घेईनात. तो नांगर रुजल्यावरही कारखाना तेवढ्यावर राहिला नाही, पंपांकडं वळला. उत्पादक कंपनीनं हा गुण घ्यावा. एकच निर्यातदार असेल आणि त्यानं ऐनवेळी हात वर केले, तर पिकलेली द्राक्षं वेलीवर फार दिवस थांबत नाहीत. दुसऱ्या खरेदीदाराशी बोलणी छाटणीच्या सुमारासच करून ठेवा. न विकलेली द्राक्षं सुकवता यावीत म्हणून बेदाण्याचं शेड भाड्यानं धरून ठेवलंत तर एखाद्या वर्षी ते वापराविना पडेल आणि लेखापरीक्षक तो खर्च वायफळ म्हणून दाखवेल. तो कशासाठी केला हे वार्षिक सभेत सभासदांना आधीच सांगा, आणि इतिवृत्तात तशी नोंद करून घ्या.