मतदान केंद्रावरून परत फिरू नये म्हणून : ठाणे–नवी मुंबईच्या मतदारांसाठी

नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत बेलापूर मतदारसंघाचा निकाल ३७७ मतांनी लागला. नेरूळ-सीवूड्सकडच्या एखाद्या मोठ्या सोसायटीतच याहून जास्त मतदार असतात. त्याच वर्षी लोकसभेला शेजारच्या मुंबई उत्तर-पश्चिममध्ये फरक होता ४८ मतांचा. ‘माझ्या एका मताने काय होणार’ असं म्हणणाऱ्यांची संख्या कुठल्याही केंद्रावर ४८ पेक्षा जास्तच भरेल. पण इथे त्यांच्याबद्दल बोलायचं नाही. सकाळी उठून, रांगेत उभं राहून, ‘तुमचं नाव यादीत नाही’ हे ऐकून जे परत फिरतात, त्यांच्यासाठी हे लिहिलं आहे. अशी बहुतेक मतं मतदानाच्या दिवशी जात नाहीत. ती दोन-तीन महिने आधीच गेलेली असतात.

कार्ड नव्हे, यादी बघा

मतदार ओळखपत्र खिशात आहे म्हणजे मताचा हक्क आहे, हा सर्वांत महाग पडणारा गैरसमज. हक्क देते ती मतदार यादी. कार्ड फक्त तुमची ओळख पटवतं. यादीत नाव असेल तर कार्ड नसतानाही आधार, पॅन, वाहन परवाना, पासपोर्ट, फोटो असलेलं बँक किंवा पोस्टाचं पासबुक, फोटोसह पेन्शनची कागदपत्रं, यांपैकी एक चालतं. जुन्या पत्त्याचं, दुसऱ्या मतदारसंघातलं मतदार कार्डसुद्धा ओळखीसाठी चालतं, फक्त नाव इथल्या यादीत हवं. नाव नसेल तर यातलं काहीच उपयोगाचं नाही.

नाव शोधायला निवडणूक आयोगाचं अॅप आहे, संकेतस्थळ आहे आणि १९५० हा फोन क्रमांक आहे. नावाने शोधलं की हमखास गोंधळ होतो. आडनाव आधी छापलेलं असतं, ‘श्री’चं ‘श्रि’ झालेलं असतं, वडिलांच्या जागी नवऱ्याचं नाव असतं. म्हणून कार्डावरच्या क्रमांकाने शोधा : तीन इंग्रजी अक्षरं आणि पुढे सात आकडे. नाव सापडलं की तीन गोष्टी कागदावर उतरवून घ्या. यादी भाग क्रमांक, यादीतला अनुक्रमांक, आणि केंद्राचं नाव खोली क्रमांकासह. घरातल्या प्रत्येकाचं वेगळं शोधा. आई-वडील एका शाळेत आणि सून दुसऱ्या शाळेत, असं आपल्याकडे सर्रास होतं, कारण प्रत्येकाची नोंदणी वेगवेगळ्या वेळी झालेली असते.

घर बदललं असेल तर

ठाणे-नवी मुंबईत खरी अडचण इथे आहे. माणसं नौपाड्यातून घोडबंदरला जातात, कोपरखैरण्याहून खारघरला जातात, भाड्याचं घर दर अकरा महिन्यांनी बदलतात आणि नाव जुन्याच पत्त्यावर राहतं. बीएलओ, म्हणजे तुमच्या केंद्राच्या यादीचं काम बघणारा कर्मचारी, घरी येतो, दार बंद दिसतं, आणि नाव ‘स्थलांतरित’ म्हणून वेगळ्या यादीत जातं किंवा वगळलं जातं.

जागा बदलल्यावर नमुना ८ भरायचा. बहुतेक जण इथे नमुना ६ भरतात. तो पहिल्यांदाच नाव नोंदवणाऱ्यांसाठी आहे. आधी नाव असताना तो भरला की एकाच माणसाच्या दोन नोंदी होतात आणि पुढे कुणाच्या तरी तक्रारीवर नको ती नोंद उडते. नमुना ८ मध्ये जुन्या कार्डाचा क्रमांक द्यायचा, म्हणजे जुनी नोंद हलवली जाते. पत्त्याच्या पुराव्याला आधार, पासबुक, किमान एक वर्षाचं वीज, पाणी किंवा गॅस बिल, किंवा नोंदणीकृत भाडेकरार चालतो. भाडेकरूंनो, तुमचा ऑनलाइन नोंदवलेला लिव्ह अँड लायसन्स करार हा पूर्ण पुरावा आहे. घरमालकाच्या परवानगीची गरज नाही.

मुदत लक्षात ठेवा. उमेदवारी अर्ज भरायचा शेवटचा दिवस उलटला की त्या निवडणुकीसाठी यादी बंद होते. अर्जावर हरकतींसाठी काही दिवस ठेवावे लागतात, म्हणून त्या तारखेच्या निदान दहा दिवस आधी अर्ज गेलेला बरा. मतदानाच्या आदल्या आठवड्यात बीएलओला फोन करून काही होत नाही. त्याच्या हातातही काही नसतं. अठरा वर्षं पूर्ण झाली का, हे धरायला आता वर्षात चार तारखा आहेत : १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. सतरा पूर्ण झाले की अर्ज आगाऊ देता येतो.

आता एक अवघड विषय. साताऱ्याला, रत्नागिरीला गावच्या यादीत नाव आहे आणि इथेही आहे, अशी पुष्कळ घरं आहेत. ग्रामपंचायतीला भावकीसाठी जावंच लागतं, असं त्यावर म्हटलं जातं. भावना समजते, पण कायदा एकाच ठिकाणी नाव ठेवायला सांगतो आणि खोटं घोषणापत्र दिल्यास शिक्षा एक वर्षापर्यंतच्या कैदेची आहे. जिथलं गटार, पाणी, लोकलची गर्दी रोज सोसता, तिथलं मत ठेवा, असं आमचं स्पष्ट मत आहे. गावचंच ठेवायचं असेल तर तेही चालेल, पण एकच.

आपण नक्की कुठले मतदार

पत्त्यात ‘नवी मुंबई’ लिहिलं म्हणून सगळे एका मतदारसंघात येत नाहीत. घणसोली, कोपरखैरणे ऐरोली विधानसभेत. नेरूळ, सीबीडी बेलापूरमध्ये. दोन्ही ठाणे लोकसभेत. खारघर, कामोठे मात्र पनवेल विधानसभेत, रायगड जिल्ह्यात, मावळ लोकसभेत. २०२४ ला मावळचं मतदान १३ मे रोजी झालं आणि ठाण्याचं २० मे रोजी. खाडीच्या या बाजूची सुट्टी बघून त्या बाजूला जाणाऱ्याची गफलत इथे होते. तसंच कळवा-मुंब्रा ठाणे महापालिकेत आहे, पण लोकसभेला कल्याणमध्ये.

महापालिकेची निवडणूक तर वेगळंच प्रकरण. ती राज्य निवडणूक आयोग घेतो. विधानसभेचीच यादी प्रभागांप्रमाणे फोडली जाते, म्हणून केंद्र आणि अनुक्रमांक दोन्ही बदलतात. विधानसभेची चिठ्ठी जपून ठेवली असेल तर ती इथे कामाची नाही. १५ जानेवारी २०२६ च्या मतदानासाठी १ जुलै २०२५ ची यादी धरली होती. त्यानंतर अठरा पूर्ण केलेल्या मुलांना त्यामुळेच मत देता आलं नाही.

आदल्या दिवशी

ओळखपत्र मूळ स्वरूपात काढून ठेवा. केंद्राच्या १०० मीटरच्या आत मोबाइल वापरता येत नाही, म्हणून फोनमधल्या आधारच्या फोटोवर किंवा डिजिलॉकरवर विसंबू नका. फोन घरी किंवा सोबतच्या माणसाकडे ठेवा. गेटवर पोलिसाशी वाद घालण्यात रांगेतली जागा जाते, एवढंच होतं. आयोगाची मतदार माहिती चिठ्ठी आली तर उत्तम, पण ती ओळखपत्र म्हणून धरली जात नाही. पक्षाच्या टेबलावरून चिठ्ठी घेतलीत तर ती साधी पांढरी आहे ना, बघा. चिन्ह किंवा नाव छापलेली चिठ्ठी, पक्षाचा गमछा, टोपी, बिल्ला घेऊन आत जाऊ देत नाहीत.

वेळ निवडताना ऊन धरा. २० मे २०२४ ला ठाण्यात लोक घामाच्या धारांत रांगेत उभे होते. पहिला तास ज्येष्ठांचा आणि मॉर्निंग वॉकवाल्यांचा असतो. दहा ते बारा गर्दी दाटते. दुपारी एक ते तीन रांग सहसा लहान, पण उन्हाळ्यात ती वेळ वयस्करांना नको. पाण्याची बाटली न्या.

लोकसभा-विधानसभेला तुर्भे, महापे, वागळे इस्टेटमधल्या कामगारांनाच नव्हे, आयटी पार्कमधल्या कर्मचाऱ्यांना आणि रोजंदारीवरच्या माणसालाही मतदानाची भरपगारी सुट्टी कायद्याने मिळते. काम थांबल्याने धोका किंवा मोठं नुकसान होणार असेल तेवढा अपवाद. सोसायटीचा वॉचमन आणि घरकाम करणाऱ्या ताई या हिशेबातून नेहमी सुटतात. त्यांची पाळी आदल्या दिवशीच ठरवून द्या.

खोलीच्या आत

पहिला अधिकारी यादीत नाव शोधून मोठ्याने वाचतो, म्हणजे पोलिंग एजंटांना, उमेदवारांच्या प्रतिनिधींनाही ऐकू जातं. दुसऱ्याकडे नोंदवहीत सही किंवा अंगठा, डाव्या तर्जनीवर नखापासून पहिल्या पेरापर्यंत शाईची रेघ, आणि एक चिठ्ठी. तिसरा ती चिठ्ठी घेऊन कंट्रोल युनिटचं बटण दाबतो. त्यानंतरच आतल्या यंत्रावर हिरवा दिवा लागतो. तो लागायच्या आधी दाबलेलं बटण नोंदलं जात नाही.

उमेदवारासमोरचं निळं बटण दाबा. लाल दिवा लागेल. व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे दिलेल्या मताची चिठ्ठी छापणाऱ्या यंत्राच्या, काचेत अनुक्रमांक, नाव आणि चिन्ह असलेली चिठ्ठी सात सेकंद दिसेल आणि आत पडेल. मग लांब बीप. काचेकडे बघायचं राहून जातं, कारण नजर बटणावर असते. बटण दाबताक्षणी मान वळवा. चिठ्ठी हातात मिळत नाही, ती मागूही नका. कुणीच नको असेल तर सर्वांत खाली ‘नोटा’ आहे.

पालिकेच्या मतदानात व्हीव्हीपॅट नसतं आणि बहुतेक प्रभागांत चार जागा असतात : अ, ब, क, ड. चार वेगळी मतं, प्रत्येक गटात एकच. एका गटाची नावं संपली की त्याच यंत्रावर पुढचा गट सुरू होऊ शकतो. पहिलं बटण दाबून ‘झालं’ म्हणून वळणारे याच ठिकाणी फसतात. एका गटातलं न दिलेलं मत दुसऱ्या गटात देता येत नाही. नोटाही प्रत्येक गटात वेगळा. चारही झाल्यावरच बीप होते. ती ऐकू आल्याशिवाय पडद्याबाहेर येऊ नका.

काही बिघडलं तर

‘तुमचं मत आधीच झालंय’ असं ऐकल्यावर चिडून बाहेर पडणं हीच सर्वांत मोठी चूक. केंद्राध्यक्षांना भेटा आणि प्रदत्त मत, म्हणजे टेंडर व्होट मागा. ओळखीच्या प्रश्नांची उत्तरं समाधानकारक दिलीत की कागदी मतपत्रिका मिळते, वेगळ्या यादीत सही होते आणि ती मतपत्रिका पाकिटात बंद राहते. ती एरवी मोजत नाहीत, हे खरं. पण निकाल कोर्टात गेला तर तीच पुरावा ठरते. राजस्थानात नाथद्वारा मतदारसंघाचा २००८ चा निकाल एका मताने लागला, आणि पुढे वाद प्रदत्त मतांवरही गेला. बोगस मतदान झालं हे सांगणारा तुमच्या बाजूचा कागद हाच.

एजंटने तुमच्या ओळखीवरच आक्षेप घेतला तर घाबरू नका. त्यासाठी त्याला दोन रुपये अनामत भरावे लागतात आणि शहानिशा केंद्राध्यक्ष करतात. नाव ‘अनुपस्थित, स्थलांतरित, मृत’ यादीत निघालं तर तपासणी कडक होते, पण ओळख पटल्यावर मत मिळतं. छापील चुकीवरून, म्हणजे ‘पाटील’चं ‘पाटिल’ झालं म्हणून, ओळख पटत असताना परत पाठवता येत नाही.

व्हीव्हीपॅटमध्ये दुसरंच चिन्ह दिसलं असं वाटलं तर लेखी घोषणापत्र देऊन एजंटांसमोर चाचणी मत घेता येतं. आरोप खोटा ठरल्यास तो गुन्हा आहे, म्हणून खात्री असेल तरच पुढे व्हा. व्हॉट्सअॅपवर ‘अमुक केंद्रावर मशिन बंद’ पसरवण्याआधी मात्र १९५० ला विचारा. अशा एका मेसेजने शंभर जण घरी बसतात, आणि यंत्र तोवर बदललेलंही असतं.

दृष्टिहीन किंवा अशक्त मतदारासोबत अठरा वर्षांवरील एक सोबती जाऊ शकतो, पण तो त्या दिवशी एकाच मतदाराला मदत करू शकतो. लोकसभा-विधानसभेला ८५ वर्षांवरील आणि ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना घरून मत देता येतं. त्यासाठी अधिसूचनेपासून पाच दिवसांत नमुना १२-ड भरावा लागतो. ही मुदत इतकी लहान आहे की अर्ज आधीच आणून ठेवा.

बाहेरचा दबाव

पैशांच्या पाकिटाबद्दल सगळे बोलतात. सोसायटीला रंग, पेव्हर ब्लॉक, सीसीटीव्ही देऊन सगळ्यांची मतं ठरवणारी बैठक हीसुद्धा लाचच आहे, याबद्दल कमी बोललं जातं. तुम्ही कुणाला मत दिलंत हे कळायची सोय नाही. केंद्रनिहाय आकडे मात्र नंतर जाहीर होतात, आणि ‘तुमच्या बिल्डिंगने दगा दिला’ हे त्यावरूनच म्हटलं जातं. एका केंद्रात अनेक इमारती असतात, त्यामुळे तो अंदाजच. समितीच्या वतीने कुणाला शब्द देऊ नका. पैसे वाटताना दिसले तर लोकसभा-विधानसभेच्या आचारसंहितेत सी-व्हिजिल अॅपवर तक्रार करा. फोटो किंवा व्हिडिओ त्याच वेळी, अॅपमधूनच काढावा लागतो, गॅलरीतला चालत नाही. कारवाईसाठी १०० मिनिटांची मर्यादा ठरवलेली आहे.

उशीर झाला तर

२०२४ च्या दोन्ही निवडणुकांना वेळ सकाळी सात ते संध्याकाळी सहा होती, पालिकेला साडेसात ते साडेपाच. ऑफिसमधून निघून ठाणे स्टेशनवर रिक्षाच्या रांगेत अडकलात तरी आशा सोडू नका. वेळ संपता क्षणी जे रांगेत आहेत त्या सर्वांना मतदान करू द्यावंच लागतं. केंद्राध्यक्ष रांगेच्या शेवटच्या माणसापासून पुढे क्रमांकाच्या चिठ्ठ्या वाटत येतात, म्हणजे नंतर कुणी मागे लागू शकत नाही. त्या क्षणी तुम्ही रांगेत हवेत. शाळेच्या फाटकाबाहेर फोनवर बोलत उभे असाल तर चिठ्ठी मिळणार नाही.